प्रार्थना नक्की कोणाला करायची?

आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या एका मुलीने मागे विचारलं, "ताई, प्रार्थना नक्की कोणाला करायची? पित्याला, येशूला का पवित्र आत्म्याला?" मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेले एक काका म्हणाले, "अगं तिघं एकच आहेत, कोणालाही कर, पोचते." ती हो म्हणाली आणि विषय तिथेच संपला. काकांचा विश्वास माझ्यापेक्षा मोठा आहे, त्यांच्या प्रार्थनेने घरं सावरलेली मी बघितलीयेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाहीये. पण ते उत्तर मला काही पटलं नाही. कोणालाही कर, फरक पडत नाही, असं म्हटलं की देवाने स्वतःबद्दल आपल्याला जे सांगितलंय त्यातलं सगळ्यात सुंदर तेच आपण बाजूला ठेवतो असं मला वाटतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी आपल्याकडे प्रार्थना प्रत्यक्षात कशी होते ते बघा. बुधवारी कोणाच्या तरी घरी कॉटेज मीटिंग असते, चटया अंथरलेल्या, एक गीत होतं, वचन वाचलं जातं, मग पाळक म्हणतात आता कोणीतरी बहिणीने प्रार्थनेत चालवावं. बहीण उभी राहते, डोक्यावर पदर घेते आणि सुरू करते, "हे आमच्या प्रेमळ स्वर्गीय पित्या, तुझे आभार मानतो," मग दोन वाक्यांत "प्रभू येशू तू आमच्यासाठी क्रुसावर रक्त सांडलंस," मग कोणीतरी आजारी आहे त्याच्यासाठी विनंती, मग "पवित्र आत्म्या, या घरावर उतर," आणि शेवटी "हे सगळं तुझा पुत्र येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो, आमेन." म्हणजे एकाच प्रार्थनेत तिघांची नावं येतात, आणि बोलणाऱ्या बहिणीने धर्मशिक्षणाचं एकही पुस्तक वाचलेलं नसतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण तिला हे कोणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही, मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, प्रार्थना करता करता ते तिच्या जिभेवर आलंय. कधी कधी गडबडही होते, "हे पित्या, तू आमच्यासाठी क्रुसावर मेलास" असंही ऐकू येतं. क्रुसावर पुत्र मेला, पिता नाही. ही गोष्ट मंडळीने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच स्पष्ट केली होती, कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने त्यावर अख्खा ग्रंथ लिहिलाय. पण म्हणून त्या बहिणीची प्रार्थना देवाने ऐकली नाही असं मी मुळीच म्हणणार नाही.

माझी एक वसईची मैत्रीण आहे, कॅथलिक, ती तर स्कूटीला चावी लावायच्या आधीसुद्धा कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना हात लावून पित्या, पुत्रा आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणते. आम्ही प्रॉटेस्टंट लोक क्रुसाची खूण करत नाही, पण मला त्यातलं एक आवडतं, की तिची प्रत्येक प्रार्थना, अगदी दोन सेकंदांचीसुद्धा, त्र्येक, म्हणजे तिघांत एक असलेल्या, देवाच्या नावानेच सुरू होते. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्यावर जे नाव घेतलं गेलं तेच ती दिवसातून कितीतरी वेळा परत घेते.

आता मूळ प्रश्न. मला वाटतं आपली चूक इथे होते की आपण त्रैक्याकडे, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा हे तिघं एकच देव या शिकवणीकडे, गणितासारखं बघतो, एक अधिक एक अधिक एक बरोबर एक कसं, आणि ते सुटत नाही म्हणून मग बर्फ-पाणी-वाफ वगैरे उदाहरणं शब्बाथ शाळेत, मुलांच्या रविवारच्या वर्गात, देतो जी खरं तर चुकीचीच आहेत, कारण तेच पाणी एका वेळी बर्फ, पाणी आणि वाफ नसतं. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, असं काही उदाहरण दिलेलंच नाही. तिथे आधी येशू प्रार्थना करताना दिसतो. लूकचा तिसरा अध्याय उघडा, यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला आणि तो प्रार्थना करत असताना आकाश उघडलं, आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरला आणि पित्याची वाणी झाली. "प्रार्थना करत असताना" हे फक्त लूक लिहितो, आणि मी कितीतरी वर्षं ते वाचून पुढे गेले होते. पिता, पुत्र आणि आत्मा असे तिघं आपल्याला इतके उघडपणे एकत्र दिसतात ते येशूच्या प्रार्थनेत. म्हणजे देवाच्या आतच एक बोलणं, एक प्रेम आधीपासून चाललेलं आहे, जग निर्माण व्हायच्याही आधीपासून, आणि येशू माणूस झाला तेव्हा ते बोलणं माणसाच्या आवाजात, अरामी भाषेत ऐकू आलं. गेथशेमाने बागेत तो "अब्बा, बापा" म्हणतो ते तेच.

शिष्यांनी जेव्हा म्हटलं आम्हाला प्रार्थना करायला शिकव, तेव्हा त्याने त्यांना काय दिलं? "हे पित्या." त्याने स्वतःचं नातंच त्यांना वापरायला दिलं. आपण दर रविवारी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एका सुरात म्हणतो ना, अर्ध्या वेळेला लक्ष घड्याळाकडे असतं, पण ते म्हणायचा हक्क मुळात आपला नाही, तो पुत्राचा आहे. घरातल्या मुलाचा हात धरून आलेलं पोर जसं कोणी न विचारता थेट स्वयंपाकघरापर्यंत जातं तसं आपण येशूबरोबर पित्याकडे जातो. "येशूच्या नावाने मागतो" याचा अर्थ हा आहे. ते शेवटी लावायचं सीलबंद वाक्य नाही की ते राहिलं तर प्रार्थना परत येईल. लहान मुलं कधी कधी घाबरून विचारतात, मी नावाने म्हणायला विसरलो तर? त्यांना सांगावं की बाळा, तू बोलायला लागायच्या आधीपासून येशू तुझ्यासाठी बोलतोय, इब्री लोकांस पत्रात सातव्या अध्यायात लिहिलंय की तो मध्यस्थी करायला सर्वदा जिवंत आहे.

आणि मग आत्मा. खरं सांगायचं तर आत्म्याबद्दल मला हे सगळं पुस्तकातून कळलं नाही. पप्पा आयसीयूत होते तेव्हा मी प्रार्थना करूच शकले नाही. बाहेरच्या त्या लोखंडी बाकावर बसले होते, हातात बायबल होतं, उघडलं तरी ओळी दिसत नव्हत्या, आणि आयुष्यभर प्रार्थना केलेल्या माझ्या तोंडातून एक शब्द निघेना. माझी मावशी गावाहून आली, तिने पिशवी खाली ठेवली, माझ्याशेजारी बसली आणि माझा हात धरून नुसतं "बापा... बापा..." म्हणत राहिली. पुढे काहीच नाही. बरं कर, वाचव, तुझी इच्छा होवो, काही म्हणजे काही नाही. मला तेव्हा वाटलं हिलाही शब्द सुचत नाहीयेत. नंतर पप्पा घरी आल्यावर एकदा मी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचताना थांबले. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो दत्तकपणाच्या आत्म्याने आपण "अब्बा, बापा" अशी हाक मारतो, आणि पुढे सव्विसाव्या वचनात म्हणतो की कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला ठाऊक नसतं पण आत्मा स्वतः शब्दांत सांगता न येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. आणि चौतिसाव्या वचनात ख्रिस्त देवाच्या उजवीकडे बसून आपल्यासाठी मध्यस्थी करतो. म्हणजे एकाच अध्यायात आत्मा आतून मागतोय, पुत्र पित्याजवळ मागतोय, आणि ऐकणारा पिता आपला आहे. त्या बाकावर प्रार्थना चालू होती. माझे शब्द तेवढे बंद पडले होते. त्रैक्याचं शिक्षण कोरडं आहे असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मला तो बाक आठवतो. देव जर नुसता वर बसलेला एकटा राजा असता आणि खाली मी एकटी अर्ज घेऊन उभी असते, तर त्या दिवशी माझा अर्ज लिहिलाच गेला नसता.

काही लोक म्हणतात हे सगळं चौथ्या शतकात परिषदांमध्ये बसून ठरवलं गेलं, साध्या लोकांचा त्याच्याशी काय संबंध. इतिहास बघितला तर उलट दिसतं. ३७५ च्या आसपासची गोष्ट, कैसरियाचा बिशप बेसिल, आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी ते हे कैसरिया. तो उपासनेत पित्याचं गौरव दोन तऱ्हांनी म्हणायचा, एकदा "पुत्राच्या द्वारे पवित्र आत्म्यामध्ये" आणि एकदा "पुत्रासह, पवित्र आत्म्यासह". दुसऱ्या तऱ्हेवर लोकांनी हरकत घेतली, की आत्म्याला पित्याच्या बरोबरीने का बसवतोस. त्यावरून त्याने पवित्र आत्म्यावरचा तो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. दोन छोट्या शब्दांवरून, "द्वारे" आणि "सह". आणि त्याचं म्हणणं काय, तर दोन्ही हवेत. आपण देवाकडे कसे पोचतो हे सांगताना पुत्राच्या द्वारे, आत्म्यामध्ये, आणि देव कसा आहे हे बघून त्याची स्तुती करताना तिघांना एकत्र. तो लोकांच्या प्रार्थनेचा दाखला देतो, की संध्याकाळी दिवा लावताना आपले लोक फार जुन्या काळापासून पित्याची, पुत्राची आणि देवाच्या पवित्र आत्म्याची स्तुती गातात, ते शब्द कोणी रचले हेही कोणाला सांगता येत नाही इतके ते जुने आहेत. दिवेलागणीला प्रार्थना म्हणणाऱ्या कोणत्यातरी बायाबापड्यांचं गाणं बिशपला पुरावा म्हणून उपयोगी पडलं! बेसिल ३७९ मध्ये वारला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने विश्वासांगीकारात, म्हणजे मंडळी आपला विश्वास ज्या ठरलेल्या शब्दांत म्हणते त्यात, ते वाक्य घातलं की पिता आणि पुत्र यांच्याबरोबर आत्म्याचंही भजन व गौरव केलं जातं. लोक आधीपासून जे म्हणत होते तेच शेवटी कागदावर आलं.

आणि आपल्याच घरचं उदाहरण घ्यायचं तर पंडिता रमाबाई. त्यांच्याबद्दल आपण केडगाव, मुक्ती मिशन, दुष्काळातल्या मुली एवढं सांगतो, पण त्यांना त्रैक्य मान्य करायला किती वर्षं गेली हे फारसं कोणी सांगत नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा आणि त्यांच्या छोट्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर १८८५ मध्ये त्यांची वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून जोरदार वादावादी चालली होती. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा तो मोठा विश्वासांगीकार, यातलं काही त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं आणि पटल्याशिवाय हो म्हणायला त्या तयार नव्हत्या. संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेली बाई, एक परमेश्वर या कल्पनेपर्यंत स्वतःच्या वाटेने आलेली, ती अधिकाराने दटावून ऐकणार थोडीच. सिस्टरना तो गर्व वाटला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी मात्र धीराने घेतलं, प्रश्न विचारू दिले, उत्तरं लिहिली, आणि रमाबाई त्यांना मोकळेपणाने लिहीत राहिल्या. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी ती पत्रं जरूर वाचावीत असं मला वाटतं, विशेषतः तरुण मुलं प्रश्न विचारतात तेव्हा.

पुढे काय झालं ते रमाबाईंनी स्वतः आपल्या साक्षीत सांगितलंय. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता. मग तो मिळाला. १८९५ मध्ये लोणावळ्याच्या शिबिरात त्या पवित्र आत्म्याबद्दल नव्याने शिकल्या. आणि १९०५ मध्ये केडगावला मुलींचे प्रार्थनेचे गट सुरू झाले आणि जूनमध्ये ते जागरण, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची लाट, आलं, शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत, तासन् तास प्रार्थना करत होत्या. काही बाहेरच्या लोकांना तो गोंगाट आवडला नाही, पण रमाबाईंनी त्यांना ठणकावून विचारलं की इतर देशांतल्या लोकांमध्ये पवित्र आत्म्याला मोकळीक आहे तर भारतातल्या ख्रिस्ती लोकांमध्ये का नको. मला यात दिसतं ते असं, हे माझं स्वतःचं वाचन आहे, की १८८५ मध्ये जी गोष्ट वादातून सुटत नव्हती तिच्यात त्या पुढची वीस वर्षं प्रार्थना करत करत राहायला लागल्या. आधी देव एक आहे एवढंच धरून होत्या, मग पुत्र भेटला, मग आत्म्याने त्यांना आणि त्या मुलींना प्रार्थना करायला शिकवलं. ज्या बाईने बुद्धीचा एक कणही खाली ठेवला नाही, म्हातारपणी हिब्रू-ग्रीक घेऊन बसून बायबलचं मराठी भाषांतर केलं, तिचं हे आहे. त्यामुळे त्रैक्य समजल्याशिवाय प्रार्थना कशी करू असं कोणी म्हणालं की मी म्हणते, प्रार्थना कर, समज मागून येऊ दे, पण प्रश्न विचारणं सोडू नको.

आता एक गोष्ट जी आमच्याकडे नेहमी निघते. आपली भजनं बहुतेक सगळी येशूला उद्देशून आहेत. आपलं भजनांचं पुस्तक, उपासना संगीत, उघडा, टिळकांची पदं बघा. रेव्हरंड ना. वा. टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणाशी आले असं स्वतःच म्हणायचे, त्यामुळे ख्रिस्ताला माउली, गुरू म्हणून हाक मारणं त्यांच्या रक्तातच होतं, आणि आपल्याही. मग हे बरोबर आहे का, का फक्त पित्यालाच प्रार्थना करावी? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. ओरिजेन नावाचा ख्रिस्ती विद्वान तिसऱ्या शतकात म्हणाला होता की प्रार्थना खऱ्या अर्थाने पित्यालाच करावी, ख्रिस्ताच्या द्वारे. ३९७ च्या कार्थेजच्या परिषदेनेही वेदीवरची प्रार्थना पित्याला उद्देशून असावी असं ठरवलं, आणि म्हणूनच आजही चर्चमधल्या जुन्या छापील प्रार्थना बहुतेक पित्याला सुरू होऊन "आपला प्रभू येशू ख्रिस्त याच्या द्वारे" अशा संपतात. पण त्याच्याही आधी पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने दगडांचा मार खाताना "प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर" अशी हाक मारली होती, आणि पहिली मंडळी "माराना था", आमच्या प्रभू ये, म्हणत होती. आत्म्यालाही ये म्हणणारी गीतं मंडळीने हजार वर्षांहून जास्त काळ गायलीयेत. तेव्हा माझं मत असं की माउली म्हणून येशूला खुशाल हाक मारा, मनापासून मारा. ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं असं तोच म्हणाला, तो आपल्याला स्वतःपाशी अडवून ठेवत नाही, पित्याकडे नेतो. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. अलीकडच्या स्टेजवरच्या वर्शिपमध्ये पित्याचं नाव तासभर येतच नाही असं कधी कधी होतं, आणि मोठ्या मंडळींच्या छापील उपासनेत आत्मा फक्त शेवटच्या ओळीत येतो. दोन्हीकडे काहीतरी कमी होतं, आणि ते हळूहळू मुलांच्या देवाच्या चित्रातून गळून जातं. ज्या मुलाने पित्याबद्दल फक्त कडक न्यायाधीश म्हणून ऐकलंय आणि येशू म्हणजे त्या रागापासून वाचवणारा एवढंच, तो मोठेपणी पित्याशी बोलायलाच घाबरतो. असे मोठे झालेले लोक मी प्रार्थनासभेत बघते, ते येशूशी अगदी मोकळं बोलतात आणि पिता म्हटलं की आवाज बदलतो, आखडून जातात. त्यांच्यासाठी योहान ३:१६ परत वाचावं लागतं, प्रीती केली ती पित्याने, पुत्राला पाठवलं ते पित्याने.

प्रत्यक्षात मी काय करते हे विचाराल तर फार काही मोठं नाही. सकाळी पहिलं वाक्य पित्याला. मग लगेच मागणी सुरू करत नाही, थोडा वेळ गप्प बसते, आत्म्याने आत काय उचललंय ते बघते, कधी एखाद्या माणसाचं नाव येतं, कधी नुसतं दुखणं. मग शुभवर्तमानातला एक तुकडा वाचते आणि तिथे जो येशू दिसतो त्याच्याशी बोलते. घाईच्या दिवशी यातलं काहीच होत नाही, लोकलमध्ये उभ्या उभ्या एक "बापा" होतं, तेवढंच. बुधवारच्या सभेत पण आम्ही दोन गोष्टी बदलल्या. सुरुवातीला दोनतीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, जुन्या लोकांना ते जड गेलं, मध्येच कोणीतरी "हालेलूया" म्हणून शांतता मोडायचं, आता सवय होतेय. आणि शेवटचं आशीर्वचन, प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता, जे आम्ही डोळे मिटून चपला शोधायच्या घाईत म्हणायचो, ते डोळे उघडे ठेवून, एकमेकांकडे बघून म्हणायचं असं ठरलं, कारण पौलाने ते करिंथच्या भांडणाऱ्या मंडळीला लिहिलं होतं आणि आमच्याकडेही न बोलणारी माणसं एकाच चटईवर बसलेली असतात.

पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण, त्यानंतरचा रविवार त्रैक्य रविवार असतो. यंदा त्या दिवशी तरुण संघाने उपासना चालवायची असं पाळकांनी सांगितलंय. मुलं म्हणतायत नाटुकलं करू, मी म्हटलं नाटुकलं करा पण वाचन रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचं घ्या, आणि पूर्ण घ्या, सव्विसावं वचन तोडू नका.